आत बसून येजो

ही गोष्ट १९६४ सालची. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत अमरावतीच्या एका कॉलेजातली अकरा मुलं आणि सहा मुली नेपाळात श्रमदानाला गेली होती. तराईतल्या एका खेड्यात शाळेच्या दोन खोल्या बांधायच्या, विहिरीला ओटा घालायचा आणि शेवटचे काही दिवस तिकडची जुनी देवळं पाहून परतायचं, असा बेत होता. बेत आखला होता चंद्रभानजींनी. खादीचा सदरा, खांद्याला झोळी, आवाज मोठा. विदर्भातल्या किती गावांतल्या विहिरी त्यांनी उपसून घेतल्या असतील, त्याची मोजदाद नव्हती. मुलींवर लक्ष ठेवायला होस्टेलच्या माणिकबाई होत्या. तरुणपणी नवरा गेलेल्या, पांढऱ्या लुगड्यातल्या, सोवळ्यात कडक आणि पोरींच्या तापात रात्रभर उशाशी बसणाऱ्या.

त्या सहा मुलींत शकुन इंगळे होती. भातकुलीची. तिचे वडील मोतीराम सडकेच्या गँगमध्ये कामाला होते. दगड फोडायचा, खडी पसरायची. आठ वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन त्यांनी दीक्षा घेतली, तेव्हा शकुन अकरा वर्षांची होती. घरी आल्यावर त्यांनी कोनाड्यातले देव फडक्यात बांधले, नदीत सोडले आणि मोकळ्या कोनाड्यात शकुनची पुस्तकं ठेवली. आईनं, म्हणजे मैनानं, त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. दुसऱ्या दिवशी उठून तिनं तो कोनाडा चुन्यानं पांढरा केला.

नेपाळचं पत्रक घेऊन शकुन घरी आली तेव्हा मोतीरामनं ते उलटंपालटं करून पाहिलं. त्यांना वाचता येत होतं, पण हळू. शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"लुंबिनी," ते म्हणाले. "हे तेच का?"

"हो बाबा, तेच."

त्यांनी पत्रकाची घडी घातली. मग म्हणाले, "पोरी, मी जलमभर देवळं बाहेरूनच पायली. आता कोनाच्या देवळात जायाचं आपल्याले कामच नाही. रस्त्यात धा देवळं लागतील. तू कोठी हात जोडू नको. पन हे आपलं हाय. तिथं बाहेरून पाहून येऊ नको. आत जाजो. आत बसून येजो."

"बसून काय करू?"

"काही नको करू. नुसती बसजो. मंग मले सांगजो."

मैना चुलीपाशी होती. ती म्हणाली, "परदेशात चालली पोरगी, अन् हे तिले बसाचं काम सांगून राह्यले." पण तिनंच ट्रंकेत आपलं चांगलं लुगडं घातलं, लुंबिनीत नेसायला.

कॉलेजात कुणाला यातलं काही ठाऊक नव्हतं. राजापेठेतल्या होस्टेलात शकुन दोन वर्षं राहत होती, पण ती कोण, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं, हेही खरं. पहिल्याच दिवशी शेजारच्या खाटेवरची सुभद्रा म्हणाली होती, "इंगळे? अवं, माह्या मामाचं आडनाव इंगळेच. बाळापूरकडचे. म्हंजे तू आमच्यातलीच." सुभद्रा अकोल्याकडची. साठ एकर काळी जमीन, घरी दोन बैलजोड्या, तोंडानं फटकळ. शकुन तेव्हा हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. तेवढ्यात सुभद्रानं डब्यातला शेवेचा लाडू तोडून अर्धा तिच्या हातावर ठेवला. त्यानंतर दोन वर्षं त्या एका ताटात जेवल्या, एका तांब्यानं पाणी प्याल्या, थंडीत एका वाकळेत झोपल्या. रोज वाटायचं, उद्या सांगू. वडिलांची पत्रं 'जय भीम'नं सुरू व्हायची, म्हणून शकुननं त्यांना कळवलं होतं, बाबा, कार्ड नका टाकू, बंद पाकीट टाका, इथं कार्ड सगळ्याजणी वाचतात. मोतीरामला वाटलं, पोरगी मोठी झाली, लाजते. ते पाकीट टाकू लागले.

बडनेऱ्याहून गाडी निघाली. भुसावळ, इटारसी, मग काशी. काशीला दोन तासांचाच मुक्काम होता आणि बहुतेकांनी तो स्टेशनच्या नळाखालीच काढला. गोरखपूरपुढे लहान गाडी. शेवटी एका टांग्यातून उतरून सगळे एका लाकडी फाटकापाशी आले. पलीकडे नेपाळ. सुभद्रा म्हणाली, "हेच का परदेश? फाटक वलांडलं का झालं? आमच्या शेताच्या धुऱ्या-बांधावर याहून जास्त भांडनं असतात."

गाव भाताच्या खाचरांत होतं. कापणी चालू होती. पहाटे धुकं असे, आणि ते उतरलं की उत्तरेला पांढरा डोंगर दिसे, इतका उंच की पहिल्या दिवशी मुलांना तो ढगच वाटला. पोरं विटा रचू लागली, पोरी मातीचा गारा वाहू लागल्या. शकुनच्या हाताला काम माहीत होतं. बापाबरोबर सुट्टीत ती सडकेवर गेलेली होती. विहिरीच्या ओट्याचं काम चंद्रभानजींनी तिच्याकडेच दिलं. तिनं आठ दिवस तो ओटा घडवला. खाली दगड बसवले, वर सिमेंट, आणि थापीनं घोटून घोटून असा गुळगुळीत केला की गावातल्या बाया त्यावर नुसताच हात फिरवून जात. सुभद्रा तिला विटा आणून देई आणि चिडवी, "तुह्या सासरी विहीर नसली तरी चालंल. तूच बांधून घेशील." रात्री दोघी एकीची वाकळ खाली, दुसरीची वर, अशा झोपत. त्या आठ दिवसांत शकुन जितकी हसली तितकी ती आयुष्यात पुढे क्वचितच हसली असेल.

काम संपलं. देवळांचे दिवस आले. चंद्रभानजींनी सांगितलं, पहिल्या दिवशी नदीकाठचं महादेवाचं देऊळ, दुसऱ्या दिवशी टेकडीवरची देवी, मग तीन दिवस गावातलं उरलंसुरलं काम, आणि अगदी शेवटी, परतीच्या वाटेवर, लुंबिनी.

महादेवाचं देऊळ दगडी होतं, लहानसं, फार जुनं. पायऱ्या मधोमध झिजून वाटीसारख्या झाल्या होत्या. सगळ्यांनी चपला काढल्या. शकुन मागे राहिली.

सुभद्रा दोन पायऱ्या चढून वळली. "काहून वं, थांबली काहून?"

"तुमी जा. मी हाय इथं."

"चाल ना. इतक्या दूर आलो, अन् आता इथं उभी राहून काय करतं?"

शकुननं पायातल्या चपला काढल्या नाहीत. सुभद्रानं तिच्याकडे पाहिलं, खाली उतरली, अगदी जवळ आली आणि हळूच विचारलं, "अडचण हाय का?"

त्या काळी देवळाच्या पायरीशी एखादी मुलगी थांबली की त्याचा एकच अर्थ होता. दुसरा कोणता असू शकतो, हे सुभद्राच्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं. शकुनच्या मनात दोन्ही उत्तरं होती. खरं उत्तर द्यायचं तर पायरीवर, सगळ्यांसमोर, दोन वर्षांचं सांगायला लागणार होतं. तिनं मान हलवली. हो.

"बाई," सुभद्रा वर ओरडली, "शकुन बाहेर हाय."

माणिकबाई वरच्या पायरीवरून म्हणाल्या, "मग तिकडे चपलांपाशी बस. आणि आजपासून चार दिवस स्वयंपाकाकडे आणि विहिरीकडे फिरकायचं नाही. पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हायचं."

पोरं उगाच दुसरीकडे पाहू लागली. शकुन छत्तीस चपलांपाशी बसली. बसल्या बसल्या तिनं बोटांवर दिवस मोजले. आज पहिला. पाचव्या दिवशी न्हाणं. लुंबिनी त्यानंतर. तिला हायसं वाटलं. बाबांना दिलेला एक शब्द पाळला गेला होता आणि दुसराही पाळला जाणार होता.

पण त्या संध्याकाळपासून तिचे दिवस बदलले. माणिकबाईंनी खोलीच्या दाराशी एक रिकामी गोणी पसरली. शकुननं तिच्यावर झोपायचं. ताट वेगळं, आणि ते तिचं तिनं घासून उपडं घालायचं. तहान लागली की ओंजळ धरायची आणि कुणीतरी वरून पाणी घालायचं. तिनं स्वतः घोटलेल्या ओट्यावर पाय ठेवायचा नाही. लांब उभं राहून हाक मारायची. होस्टेलातही बाईंची हीच रीत होती, पण तिथं शकुननं आपली अडचण कधी कळू दिली नव्हती.

पाणी घालायला सुभद्राच येई. "आणखी?" ती विचारी, आणि तांब्या उंच धरून धार लावी. शकुनच्या कोपरांवरून पाणी ओघळे. लहानपणी आईबरोबर ती एका मोठ्या वाड्याच्या मागच्या दाराशी गेली होती. आईनं अशीच ओंजळ धरली होती. पिऊन झाल्यावर आईनं हात पदराला पुसले आणि शकुनला म्हटलं होतं, तू नको पिऊ, घरी जाऊन पी. शकुनला तेव्हा आईचा राग आला होता, इतकी तहान लागली असताना.

"काय पाहून राह्यली?" सुभद्रा म्हणाली.

"काही नाही. पुरे."

"दोन दिवस अजून. मंग ये माह्या वाकळेत. थंडीनं मरून राह्यली मी एकटी."

सुभद्राच्या मनात काही नव्हतं. आजीनं आईशी असंच केलं, आईनं तिच्याशी असंच केलं, आणि अकोल्याला परत गेल्यावर तिच्याही वाट्याला महिन्यातून चार दिवस हेच होतं. ती उलट शकुनची जास्तच काळजी घेत होती. म्हणून तर शकुनला रात्री गोणीवर झोप येईना. दाराच्या फटीतून धुकं आत येई. तिला वाटे, आई जन्मभर जिथं उभी राहिली तिथंच मी आपल्या पायांनी चालत आले, आणि तेही परदेशात.

तिसऱ्या दिवशी सकाळी चंद्रभानजी धावतच आले. "चला, आवरा पटापट. लॉरी आजच मिळतेय, पुढे नाही. आज लुंबिनी."

शकुन गोणीवर उठून बसली. तिनं पुन्हा बोटं मोजली. तीन.

लॉरीत ती मागच्या फळीशी, सगळ्यांपासून हातभर अंतरावर बसली. आईचं लुगडं नेसायचं की नाही, हे तिला ठरवता आलं नाही, तेव्हा ते पिशवीत घेतलं. रस्ता धुळीचा होता. दोन तास ती एकच वाक्य मनात घोळवत राहिली आणि प्रत्येक वेळी ते वाक्य सुभद्राच्या नावापाशी अडत होतं. सांगितलं तर सुभद्रा जाईल. नाही सांगितलं तर बाहेर चपलांपाशी बसून परत जावं लागेल, आणि भातकुलीत बाबा विचारतील.

लुंबिनीत त्या वेळी फारसं काही नव्हतं. एक तळं, पिंपळाची आणि आंब्याची झाडं, लोखंडी कठड्यात उभा दगडी खांब, आणि जवळच पायऱ्यांवर एक ठेंगणं पांढरं देऊळ. आसपासच्या खेड्यांतल्या बाया तिथं नारळ आणि शेंदूर घेऊन आल्या होत्या. त्यांच्या लेखी आतली मूर्ती गावदेवी होती, लेकरं देणारी.

चंद्रभानजींनी खांबापाशी उभं राहून तो खांब उभारणाऱ्या सम्राटाची माहिती सांगितली. मग सगळे देवळाकडे वळले. चपला निघाल्या.

"शकुन," माणिकबाई म्हणाल्या, "तू इथंच बस हो. खांब पाहिलास ना, झालं."

"मी तुह्यासाठी पन हात जोडते," सुभद्रा म्हणाली आणि पायऱ्या चढू लागली.

शकुन चपलांपाशी बसली. मग उठली.

"सुभद्रा, मले अडचण नाही."

सुभद्रा वळली. "म्हंजे? आज तिसराच दिवस ना?"

"पहिलाच नव्हता. मले काहीच नव्हतं."

"मंग महादेवाच्या देवळात काहून नाही आली?"

"आमी देवळात जात नाही. आमी बौद्ध आहो. हेच एक आपलं हाय. बाबानं आत बसून यायले सांगतलं."

सुभद्रा तिच्याकडे पाहत राहिली. तिच्या कपाळावर आठी होती, रागाची नव्हे, हिशेब न जुळल्यावर पडते तशी. "पन तू तर इंगळे," ती म्हणाली.

"इंगळे आमच्यातही असतात."

माणिकबाई खाली उतरल्या. "खोटं बोललीस माझ्याशी?"

"हो बाई."

"आणि तीन दिवस मी तुला गोणीवर..." बाई एवढंच बोलल्या. पुढे त्यांना काय म्हणायचं होतं, हे कुणालाच कळलं नाही. मी तुला उगाच बाजूला बसवलं, की तू दोन वर्षं माझ्या स्वयंपाकघरात वावरलीस. त्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला आणि तळ्याकडे पाहत राहिल्या.

चंद्रभानजींना मात्र भरून आलं. त्यांनी झोळी सावरली आणि मोठ्या आवाजात म्हणाले, "मुलांनो, बाजूला व्हा. शकुनला पुढे जाऊ द्या. आज पहिला मान तिचा. ही तिची जागा आहे." त्यांचा हेतू चांगलाच होता. मुलं दोन्ही बाजूंना सरली. मुलीही सरल्या. पायऱ्यांवर मधोमध इतकी वाट मोकळी झाली की दोन बैलगाड्या गेल्या असत्या. शकुननं सुभद्राकडे पाहिलं. सुभद्राही सरली होती, भिंतीला पाठ लावून.

शकुन एकटीच वर गेली. लुगडं पिशवीतच राहिलं.

आत अंधार होता आणि तेलाचा वास. समोर एक जुनी शिळा होती, झिजलेली. झाडाची फांदी धरून उभी असलेली बाई, एवढंच ओळखू येत होतं. तिचं तोंड कुणीतरी केव्हाचंच छिन्नीनं उडवलं होतं, आणि उरलेल्यावर शेंदूर होता. शकुनला वाटलं होतं, आत गेल्यावर काहीतरी होईल. डोळ्यांत पाणी येईल, निदान वडिलांचा चेहरा दिसेल. तसं काही झालं नाही. ती भिंतीशी बसली. फरशी गार होती. शेजारी एक म्हातारी खेडूत बाई वाटीतला शेंदूर बोटानं कालवत होती. तिनं शकुनकडे पाहिलं, थोडी सरकली आणि आपल्या फाटक्या चटईचा कोपरा तिच्याकडे ओढला. शकुन त्या कोपऱ्यावर बसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

बाहेर तिची वाट पाहणाऱ्यांची कुजबुज ऐकू येत होती. आत कुणी येईना. पहिला मान तिचा होता, म्हणून सगळे ती बाहेर येण्याची वाट पाहत होते. तिनं मनात शंभरपर्यंत आकडे मोजले, मग आणखी शंभर, बाबांना सांगता यावं म्हणून.

परतीच्या गाडीत इटारसीला सुभद्रा खाली उतरून पाणी घेऊन आली. तिनं ग्लास भरला, शकुनपुढे धरला आणि मोठ्यानं म्हणाली, "घे. तोंड लावून पी." डब्यातल्या चार-पाच जणांनी वर पाहिलं. सुभद्राचे डोळे भरले होते. तिनं फार मोठं काहीतरी केलं होतं आणि ते तिला ठाऊक होतं. शकुन ग्लासाला तोंड लावून प्याली. दोन वर्षं ती तसंच पीत होती, पण तेव्हा कुणी पी म्हणत नव्हतं.

भातकुलीत मोतीराम अंगणातच बसून होते. ट्रंक खाली ठेवायच्या आत त्यांनी विचारलं, "गेली होती आत?"

"गेली होती. बसली होती."

"कोनी अडवलं नाही ना?"

"नाही बाबा. बाजूले होऊन वाट देली सगळ्याईनं."

"संगं कोन होतं?"

शकुननं ट्रंकेची कडी सरळ केली. "सगळेच होते," ती म्हणाली.

मोतीराम त्यानंतर चौदा वर्षं जगले. सडकेवर, बाजारात, लग्नाच्या मांडवात, ओळखीचं कुणी भेटलं की ते सांगत, माही पोरगी आत जाऊन बसली, साऱ्याईनं वाट देली तिले. मैना हे ऐकून काही बोलत नसे. तिचं लुगडं घडी न मोडता परत आलेलं तिनं पाहिलं होतं. नवऱ्यानंतर सहा वर्षांनी ती गेली.

चंद्रभानजी पुढच्या दोन वर्षांत आणखी एकदा त्या गावी जाऊन आले. शाळेची एक खोली पुरात गेली होती, ओटा मात्र जागचा हलला नव्हता, असं त्यांनी सगळ्यांना कार्डं टाकून कळवलं. सत्तर सालच्या उन्हाळ्यात मेळघाटातल्या एका पदयात्रेत त्यांना ऊन लागलं, त्यातून ते उठले नाहीत.

माणिकबाई त्या दिवसाबद्दल शकुनशी एक शब्द कधी बोलल्या नाहीत. पण पुढच्या वर्षी होस्टेलात आलेल्या मुली सांगत की बाई कुणालाच गोणी देत नाहीत, नुसतं म्हणतात, ज्यानं त्यानं आपलं पाहावं. निवृत्त झाल्यावर त्या अचलपूरला भाच्याकडे राहिल्या. शकुनच्या नोकरीची बातमी कळली तेव्हा त्यांनी एक वाकळ शिवून पाठवली होती, चिठ्ठीशिवाय.

शकुन अकोल्यात शिक्षिका झाली, शेवटची नऊ वर्षं मुख्याध्यापिका. लग्न केलं नाही. लुंबिनीहून आल्यावर तिनं वडिलांना पाकीट बंद करून पत्रं कार्डावरच टाकायला सांगितलं होतं. ती सगळी तिच्याजवळ आहेत. लुंबिनीला ती पुन्हा गेली नाही. गावातून बसगाड्या भरून लोक जाऊ लागले, शेजारच्या बाया बोलवायच्या, ती म्हणायची, माझं झालंय.

सुभद्राचं लग्न अकोल्यातच झालं. शकुनच्या शाळेपासून तिचं घर दोन गल्ल्या पलीकडे आहे. दोघी एकमेकींकडे जातात, वर्षातून चार-पाचदा, सणाला नाही, मधल्याच एखाद्या दिवशी. जुन्या गोष्टी निघतात, पांढरा डोंगर, विटा, धुकं. सुभद्राचे गुडघे आता गेले आहेत, सुना आहेत, नाती आहेत, पण शकुन आली की पाणी आणायला ती स्वतःच उठते. ग्लास पुढे करते, आणि देता देता अजूनही क्षणभर थांबते.